करवत आणि चौकट

आपल्या बोलण्यात करवत फार जुनी आहे. धोतराच्या किंवा लुगड्याच्या काठावर दात्यांची नक्षी असली, की आपण त्याला करवतकाठी म्हणतो. मनातली इच्छा पुरी व्हावी म्हणून काशीला जाऊन अंगावर करवत घ्यावी, अशी समजूत एके काळी देशभर पसरलेली होती. आणि एखादा माणूस देतानाही कापतो आणि घेतानाही कापतो असे दिसले, की आपल्याला करवतीचीच आठवण होते.

यातली शेवटची उपमा मात्र सुताराला पटायची नाही. करवत जातानाही कापते आणि येतानाही कापते, असे बघणाऱ्याला वाटते. खरे पाहिले तर हातकरवत बहुतेक करून एकाच दिशेने कापते. परतताना ती नुसती मागे येते. ती पुढे ढकलताना कापावी की मागे ओढताना कापावी, या एका प्रश्नात करवतीचा पाच हजार वर्षांचा इतिहास साठवलेला आहे. आज तो इतिहास थोडक्यात सांगायचा आहे. पण नुसती जुनी हकीकत म्हणून नव्हे. ज्याचा सुतारकी हा धंदा नाही, पण जो अधूनमधून लाकडाला हात घालतो, अशा माणसाने तिरका काप घेण्यासाठी कोणती हातकरवत घ्यावी, असा एक साधा प्रश्न मनात ठेवून तो सांगायचा आहे. शाळेतल्या नकाशाला चौकट करणारे गुरुजी, देवघराच्या तसबिरीला नवी पट्टी बसवणारा शेतकरी, मधमाश्यांची पेटी घरी दुरुस्त करणारा बागाईतदार, हे सगळे त्या माणसात आले.

प्रश्न लहान दिसतो, पण त्याला एक बोचरी बाजू आहे. चुकीचे हत्यार घेतले तर नुसते पैसे जात नाहीत. पहिली चौकट वेडीवाकडी होते, सांध्यात फट पडते, घरातली माणसे हसतात, आणि करवत खिळ्याला टांगली जाते ती कायमची. माणूस म्हणतो, आपल्या हातात कसब नाही. पुष्कळदा दोष हाताचा नसतो, हत्याराच्या निवडीचा असतो. शाळेत हे झाले तर चाळीस मुलांच्या मनात तोच समज रुजतो, आणि तो पुढे जन्मभर टिकतो.

तर आता मुळापासून पाहू.

इजिप्तमध्ये सक्कारा येथे पहिल्या राजवंशाच्या काळातली थडगी सापडली आहेत. त्यांतल्या एकात तांब्याच्या हत्यारांचा मोठा साठा मिळाला आणि त्यात करवती होत्या. ही गोष्ट इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांची. आपल्याकडे मोहेंजोदडोच्या उत्खननातही ब्राँझच्या करवती मिळाल्या आहेत. तांबे मऊ असते. तांब्याचे पातळ पाते लाकडात पुढे ढकलले, तर ते मध्येच वाकते. तेच ओढले, तर ताणले जाऊन सरळ राहते. दोरी ढकलता येत नाही, ओढता येते, तसेच हे. म्हणून इजिप्तचा सुतार करवत ओढून कापत असे. थीब्ज येथे रेखमिरे नावाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. ते इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातले. त्याच्या भिंतीवर सुतारांचे काम रंगवलेले आहे. लाकूड एका उभ्या खांबाला दोरीने बांधले आहे आणि सुतार ते वरून खाली चिरतो आहे. लाकूड हलू नये म्हणून ते आधी घट्ट बांधायचे, मग करवत लावायची, हा धडा त्या चित्रात आहे. पुढे आपल्याला त्याची गरज लागणार आहे.

दुसरा मोठा शोध रोमन काळात लिहून ठेवलेला आढळतो. प्लिनी नावाचा रोमन ग्रंथकार इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. त्याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात करवतीच्या दात्यांबद्दल लिहिले आहे. दाते आळीपाळीने एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवतात, म्हणजे भुसा बाहेर पडतो आणि ओल्या लाकडात पाते अडकत नाही, असा त्याचा आशय आहे. आजही कोणतीही करवत डोळ्यासमोर आडवी धरून पाहा. दात्यांच्या दोन ओळी दिसतील आणि मधे एक बारीक घळ दिसेल. पाते जेवढे जाड, त्याहून काप थोडा रुंद पडतो, तो यामुळे. दाते दोन्हीकडे सारखे वाकलेले नसतील, तर करवत एका बाजूला ओढ घेते. मग हात कितीही सरळ असो, काप वाकडाच जातो.

आता आपल्या देशाकडे येऊ. करवत हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून आला आहे. कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पान किंवा पाते. हातातले पाते ते करपत्र. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेची जी वीस शस्त्रे सांगितली आहेत, त्यांत करपत्र आहे. करवतीला संस्कृतात दुसरा शब्द आहे ‘क्रकच’. हा शब्द शिक्षक मंडळींनी लक्षात ठेवावा असा आहे, कारण तो गणिताच्या पुस्तकात शिरलेला आहे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात ‘क्रकच-व्यवहार’ नावाचा एक भाग आहे. म्हणजे लाकूड कापण्याचा हिशेब. त्यातले उदाहरण असे आहे. एक ओंडका बुंध्याशी २० अंगुळे जाड आणि शेंड्याशी १६ अंगुळे जाड आहे. लांबी १०० अंगुळे. तो उभा चार ठिकाणी चिरला, तर एकूण किती चौरस हात चिरणी झाली? २० आणि १६ यांची सरासरी १८. तिला १०० ने गुणले, १८०० झाले. चार काप, म्हणून ७२०० चौरस अंगुळे. २४ अंगुळांचा एक हात, म्हणून एका चौरस हातात ५७६ चौरस अंगुळे. ७२०० ला ५७६ ने भागले, की उत्तर येते साडेबारा चौरस हात. सातवीच्या मुलाला हे गणित आजही घालावे.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. वीटकाम, दगडकाम, खोदकाम आणि करवतकाम यांची मजुरी कशी ठरवावी, याबद्दल भास्कराचार्य सांगतात, की ती कारागिराच्या संमतीने आणि माल मऊ आहे की कठीण हे पाहून ठरवावी. पाहा, साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा गणिती. क्षेत्रफळ त्याने अचूक काढून दिले, पण सागाची आणि बाभळीची चिरणी एका भावाने मोजू नये, हे तो विसरला नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याची हकीकत त्यात कोरलेली आहे. म्हणजे करवतीचे हे गणित आपल्या खानदेशात शिकवले जात होते, असे म्हणायला हरकत नाही.

जातककथांतही सुतारांचे एक गाव येते. हे सुतार बोटीतून नदीच्या वरच्या अंगाला रानात जात. तिथेच घराची लाकडे कापून, जुळवून पाहत, खांबापासून प्रत्येक नगावर खुणा करत, आणि मग सगळे सामान बोटीत घालून शहरात आणून उभे करत. रानात कापलेला नग शहरात बिनचूक बसायचा, तर माप आणि कोन यांची शिस्त केवढी असेल! कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिले, तर दगडी छताखाली लाकडी कमानी दिसतात. दोन हजार वर्षांच्या सुमाराचे ते काम आहे. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये राहता झाला आणि १८२८ च्या आगीत त्याचे लाकूडकाम जळून गेले. त्याच्या चौथऱ्यावरचे दगडी खळगे पाहिले, की वर केवढे लाकूड उभे असेल याची कल्पना येते.

आपल्या सुताराची जुनी हातकरवत ओढून कापणारी होती, आणि काम बहुधा जमिनीवर बसून. पायाने लाकूड दाबून धरायचे आणि करवत आपल्याकडे ओढायची. जपानी सुतारही आजपर्यंत ओढूनच कापतो, आणि म्हणून त्याच्या करवतीचे पाते कागदासारखे पातळ असू शकते. मग ढकलण्याची करवत आली कोठून?

ढकलून कापणारी सुटी करवत जुनीच होती, पण रुंद आणि ताठ पात्याची, सगळीकडे मिळणारी हातकरवत आली ती चांगल्या पोलादामुळे. डॉनकास्टरचा एक घड्याळजी होता, बेंजामिन हंट्समन. घड्याळाच्या कमानीला एकजात पोलाद मिळेना, म्हणून त्याने १७४० च्या सुमारास शेफिल्डजवळ मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्यानंतर शेफिल्ड हे करवतीचे गाव झाले. मुशीत पोलाद करण्याची विद्या आपल्या दक्षिण हिंदुस्थानात कितीतरी आधीपासून होती. त्या पोलादाला इंग्रज ‘वूट्झ’ म्हणत. १७९० नंतरच्या काळात मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे यांनीही त्यावर प्रयोग केले. इथली भट्टी विझत गेली आणि तिथली पेटत गेली, हा इतिहासाचा निराळा अध्याय आहे. तो आज बाजूला ठेवू.

शेफिल्डची करवत अमेरिकेत गेली आणि तिथे तिला तोडीस तोड करवत उभी राहिली, ती हेन्री डिस्टन यांची. हा इंग्लंडमधला मुलगा १८३३ मध्ये चौदाव्या वर्षी बापाबरोबर फिलाडेल्फियाला उतरला. उतरल्यावर थोड्याच दिवसांत बाप वारला. पोरका मुलगा करवतीच्या कारखान्यात उमेदवार म्हणून राहिला आणि १८४० मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. पुढे तो कारखाना जगातल्या फार मोठ्या करवत-कारखान्यांपैकी एक झाला.

आता आपण आपल्या मूळ प्रश्नाजवळ आलो. चौकट.

आपल्या दाराची जुनी चौकट कुसू आणि खोबण यांनी जोडलेली असते. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला तोंड. हा सांधा बळकट. पण तसबिरीच्या पट्टीला नक्षी असते, पन्हळी असतात. ती नक्षी कोपऱ्यावर न तुटता वळायला हवी. त्यासाठी दोन्ही पट्ट्या काटकोनाच्या निम्म्या कोनात, म्हणजे ४५ अंशांत कापून टोकाला टोक भिडवतात. याला इंग्रजी कारागीर ‘मायटर’ म्हणतात आणि आपल्या कार्यशाळांतही तोच शब्द रुळला आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सन यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांच्या हत्यारांवर पुस्तक लिहिले. त्यात ४५ अंश आखण्याचा खास गुण्या वर्णिलेला आहे.

म्हणजे आखण्याची सोय जुनी होती. पण आखलेल्या रेषेवर करवत चालवणे हे हाताचे काम. ते सोपे करण्यासाठी सुतारांनी तीन फळ्यांची एक पन्हळीसारखी पेटी केली. तिच्या दोन्ही भिंतींना समोरासमोर तिरक्या चिरा पाडल्या. पट्टी पेटीत ठेवायची आणि करवत चिरेत घालून चालवायची. हीच मायटर पेटी. हातातला कोन काढून पेटीत ठेवला, असे म्हणा ना.

या पेटीचे दुखणे एकच. लाकडी चीर घासून घासून रुंद होते, आणि मग करवत तिच्यात डुलू लागते. त्यावर उपाय म्हणून लोखंडी पेट्या निघाल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लँगडन नावाच्या संशोधकाला १८६४ मध्ये अशा पेटीचे पेटंट मिळाले. पुढे अनेक दशके लँगडन हे नाव मायटर पेटीशी जोडलेले राहिले. या पेटीत करवत दोन उभ्या खुंटांतून मागेपुढे सरकते आणि तो सांगाडा हव्या त्या कोनात फिरवून अडकवता येतो. ४५ अंशांबरोबर षटकोनासाठी ३०, पंचकोनासाठी ३६, अष्टकोनासाठी साडेबावीस, अशा खाचा अशा पेट्यांत करून ठेवलेल्या असतात. शिक्षकांच्या ध्यानात आलेच असेल, की १८० ला बाजूंच्या संख्येने भागले की हे आकडे येतात.

पुढच्या काळात तिचेच हलके रूप आले. रुंद पात्याऐवजी लोखंडी धनुकलीत ताणून बसवलेले अरुंद, पातळ पाते, खाली लहान मेज आणि फिरता सांगाडा. स्वीडनमध्ये आणि जर्मनीत अशी हत्यारे नावाजली गेली. आज बाजारात ‘हँड मायटर सॉ’ म्हणून जे मिळते, ते बहुधा हेच. पाहा, पाते ताणून सरळ ठेवायचे ही इजिप्तमधलीच युक्ती. फरक एवढाच, की आता हात ओढत नाही, धनुकली ओढून धरते.

महाराष्ट्रात तिरक्या सांध्याची चौकट घराघरांत नेण्याचे श्रेय एका छापखान्याला द्यावे लागेल. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, राम यांची रंगीत चित्रे स्वस्तात मिळू लागली आणि देवघराच्या भिंतीवर तसबिरी आल्या. एका तसबिरीला चार कोपरे आणि आठ तिरके काप. मळवलीपासून कार्ल्याची लेणी अगदी जवळ आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची लाकडी कमान आणि घरोघरची तसबीर यांचे गाव जवळजवळ एकच, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

आणि शाळेचे काय? स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमोन यांनी १८७५ मध्ये शिक्षकांना लाकूडकाम शिकवण्याची शाळा चालू केली. त्या पद्धतीला ‘स्लॉइड’ म्हणतात. मुलाला सुतार करायचे नाही. त्याचा हात, डोळा आणि धीर घडवायचा, हा तिचा हेतू. आपल्याकडे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिच्या पाठोपाठ झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांत सुतारकामाचा समावेश केला. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने कार्यानुभवावर भर दिला. विचार सगळे चांगले. पण एका शाळेत पुरेशी धारदार करवत आहे की नाही, यावर तो विचार उभा राहतो किंवा पडतो.

तेव्हा निवड कशी करावी, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, आपले काम कोणते ते ठरवा. वर्षातून चारदोन पट्ट्या कापायच्या असतील, तर चांगल्या कठीण लाकडाची साधी मायटर पेटी आणि ताठ पाठीची करवत पुरते. पाठीवर लोखंडाची किंवा पितळेची पट्टी चढवलेली असते, म्हणून ती वाकत नाही. चिरा झिजल्या, की पेटी नवी करावी. ती गावचा सुतारही करून देतो. दर महिन्याला काम निघत असेल, किंवा शाळेत अनेक हात ते वापरणार असतील, तर फिरत्या सांगाड्याची हातकरवत घ्यावी.

दुसरी गोष्ट, दाते मोजा. एका इंचात पाच-सात दाते असलेली करवत फळी उभी चिरायला ठीक. तिने तसबिरीची पट्टी आडवी कापली तर कडा फाटते. तिरक्या आडव्या कापाला ताठ पाठीच्या करवतीत इंचाला अकरा ते चौदा दाते बरे. धनुकलीच्या बारीक पात्यात अठराच्या आसपास असले तर काप गुळगुळीत येतो. आणखी एक भेद आहे. उभ्या चिरणीचे दाते पटाशीसारखे असतात, ते धागा उकलतात. आडव्या कापाचे दाते सुरीच्या टोकासारखे असतात, ते धागा छेदतात. आपल्याला दुसरे हवेत.

तिसरी गोष्ट, दुकानात कोन तपासून घ्या. सांगाडा ४५ वर अडकवा आणि करवत हाताने डावीउजवीकडे हलवून पाहा. खाचेत ती डुलत असेल, तर पुढे जाऊ नका. मग भंगार पट्टीचे दोन तुकडे कापा, भिडवा आणि गुण्या लावा. फटीतून उजेड दिसता कामा नये. ‘अर्ध्या अंशाने काय बिघडते?’ असे दुकानदार म्हणेल. त्याला हिशेब सांगा. चौकटीला आठ काप. प्रत्येकात अर्धा अंश त्याच बाजूला चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यावर चार अंश जमा होतात. पट्टी पाच सेंटीमीटर रुंद असेल, तर तिथे जवळजवळ पाच मिलिमीटरची फट पडते. तीन कोपरे छान आणि चौथा उघडा, असे दिसले की लोक हाताला दोष देतात. तो दोष हाताचा नव्हे, हा अर्ध्या अंशाचा आठपट सूड आहे.

चौथी गोष्ट, लाकूड धरून ठेवण्याची सोय पाहा. रेखमिरेच्या थडग्यातली दोरी आठवते ना? मेजावर पट्टी घट्ट दाबणारा पेच असावा, आणि मापाला अडवणारी अडणी लावता यावी. चौकट बिघडते ती कोनाइतकीच लांबीने बिघडते. समोरासमोरच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतील, तर कोन कितीही खरे असले तरी कोपरा मिटत नाही. दोन्ही बाजू एकाच अडणीला टेकवून कापाव्या, दोनदा माप घेऊ नये.

पाचवी गोष्ट, आणि खेड्यातल्या माणसाला हीच सर्वांत मोठी. पाते बोथट झाल्यावर काय? पूर्वीच्या करवतीला त्रिकोणी कानशीने धार लावता येत असे आणि आजही तशा करवती मिळतात. पण हल्ली पुष्कळ करवतींचे दाते इतके कठीण केलेले असतात, की त्यांवर कानस चालत नाही. ते फार दिवस टिकतात, पण गेले की पाते टाकून द्यावे लागते. तेव्हा बदली पाते तालुक्याच्या बाजारात मिळते का, हे आधी विचारा. मिळत नसेल, तर हत्यार कितीही देखणे असो, ते आपल्या कामाचे नाही. त्यापेक्षा कानस चालेल अशी करवत बरी.

विजेवर चालणारी मायटर करवत १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघाली आणि आता ती आपल्याकडेही सर्रास दिसते. ज्याचा धंदा आहे त्याने ती जरूर घ्यावी. पण अधूनमधून काम करणाऱ्याला आणि मुलांच्या वर्गाला हातकरवत बरी. ती चुकली तर लाकूड वाया जाते, बोट वाया जात नाही. तरीही दाते ते दातेच, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. शिवाय वीज गेली तरी हिचे काम थांबत नाही.

एक गोष्ट लाकडाची. पावसाळ्यात दमट लाकडाची चौकट केली आणि ती देशावरच्या उन्हाळ्यात वाळली, की पट्टी रुंदीला आटते. लांबीला जवळजवळ आटत नाही. त्यामुळे सांधा आतल्या अंगाने उघडतो. कोकणातून आणलेल्या पट्टीचे असेच होते. यात करवतीचा काही अपराध नाही. लाकूड घरात दोनतीन आठवडे मुरू द्यावे आणि मग कापावे. तसेच, तिरका सांधा दिसायला सुरेख पण अंगाने दुबळा. नुसत्या सरसावर विसंबू नये. बारीक खिळा किंवा आडवी पाचर द्यावी.

शेवटी एक शंका उरते. अशी हत्यारे घरोघर आली, तर गावच्या सुताराचे काय? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला. त्यात बलुतेदारांचे जे वर्णन आहे, त्यात सुतार पहिल्या ओळीचा मानकरी आहे. नांगर, कुळव, मोट, गाडी, सारे त्याच्या हातून होई आणि सुगीला खळ्यावर त्याला बलुते मिळे. ती घडी मोडली. पण ती मोडली लोखंडी नांगराने, ट्रॅक्टरने आणि रोख पैशाच्या व्यवहाराने. गुरुजींनी चौकट घरी केली म्हणून ती मोडलेली नाही. उलट माझे म्हणणे असे, की ज्याने स्वतः आठ तिरके काप घेऊन पाहिले, त्यालाच सुताराच्या कामाची किंमत कळते. पेटी कोन सांभाळते, पण लाकडाचा धागा कोणीकडे धावतो, गाठ कोठे लपली आहे, कोणता तुकडा कोठे शोभेल, हे पेटीला कळत नाही. करवत घेतलीत तर ती धार लावायला त्याच्याकडेच न्या, आणि त्याचे दर ठरवताना भास्कराचार्यांचा नियम पाळा. कारागिराच्या संमतीने, आणि लाकूड मऊ की कठीण ते पाहून.

तांब्याच्या पात्यापासून धनुकलीतल्या पात्यापर्यंत माणसाने एकच गोष्ट साधली. हातातली थरथर थोडी थोडी हत्यारात जिरवत नेली. म्हणून आज ज्याचा हात तयार नाही, त्यालाही सरळ काप घेता येतो. शाळेत एक चांगली हातकरवत, एक गुण्या आणि एक कानस असू द्या. मुलांनी कापलेली पहिली चौकट वर्गातच लावा, फट असली तरी लावा. दुसरी तिच्याशेजारी लागेल तेव्हा फट कमी झालेली दिसेल, आणि ती का कमी झाली हे मुलेच तुम्हाला सांगतील.